एक व्होल्टची रेल: सोळा चॅनेलच्या बोर्डाच्या प्रकल्प नोंदी

९ जून २०२५

ग्राहकाचे बोर्ड आज हातात आले. साखर कारखान्यातल्या सहवीजनिर्मितीच्या टर्बाइनवर आणि गिअरबॉक्सवर कंपनं मोजणारं हे यंत्र. आठ चॅनेलचं मॉडेल बरीच वर्षं बिनतक्रार चालतंय. त्याच बोर्डावर नवं फर्मवेअर टाकून सोळा चॅनेल चालू केले आणि मधूनच एखाद्या चॅनेलच्या आकड्यांत कचरा यायला लागला. कधी तासभर काही नाही, कधी लागोपाठ दोनदा. गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो. त्याआधी यंत्रं कारखान्यांत बसलेली हवीत, म्हणजे आपल्या हातात पावसाळा आहे.

बोर्ड आठ थरांचा. मधोमध आर्टिक्स-७ कुटुंबातला, सुमारे एक लाख लॉजिक सेलचा, ४८४ बॉलचा (खालच्या बाजूच्या टाक्यांच्या गोळ्यांचा) एफपीजीए, म्हणजे जिची आतली मांडणी फर्मवेअरने ठरवता येते अशी चिप. शेजारी डीडीआर३एल मेमरी. एफपीजीएच्या गाभ्याला १ व्होल्ट लागतो (हा पुरवठा म्हणजेच १ व्होल्टची रेल) आणि तो ०.९५ ते १.०५ च्या आतच राहिला पाहिजे. म्हणजे वर ५० मिलिव्होल्ट, खाली ५० मिलिव्होल्ट, एवढंच अंगण.

आतापर्यंत सगळ्यांचा संशय कोडवर होता. फर्मवेअर बघणारा आमचा सहकारी वैतागून म्हणाला, "मॅडम, सिम्युलेशनमध्ये एक चूक नाही. टायमिंगचा रिपोर्ट स्वच्छ आहे. तुम्ही एकदा पॉवर बघता का?" बघतेच आहे रे बाबा, त्यासाठीच मागवलेत.

११ जून

मल्टिमीटरवर १ व्होल्टची रेल ०.९९२ दाखवते. हा आकडा बघून बऱ्याच जणांचं समाधान होतं आणि तपास तिथेच थांबतो. मल्टिमीटर सरासरी सांगतो. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात रेल किती खाली जाऊन वर आली हे त्याला दिसतच नाही.

स्कोप (व्होल्टेजची लहर पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप) लावताना प्रोबची मगरक्लिप आधी काढून टाकली. दहा-बारा सेंटिमीटरच्या त्या वायरचा फास आजूबाजूचं सगळं चुंबकीय क्षेत्र गोळा करतो आणि रेलवर नसलेला गोंगाट पडद्यावर आणतो. दहापट प्रोबही नको: तो सिग्नल दहाने भागतो, मग स्कोप तो दहाने गुणतो आणि स्वतःचा गोंगाटही सोबत गुणतो. त्याऐवजी एफपीजीएच्या बरोबर खाली, बोर्डाच्या मागच्या बाजूच्या एका १०० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरच्या दोन टोकांना पातळ कोॲक्स केबल थेट डकवली. मधली तार रेलला, जाळी ग्राउंडला, जाळीची शेपटी दोन मिलिमीटरही नाही. दुसरं टोक डीसी ब्लॉकमधून (स्थिर व्होल्टेज अडवणाऱ्या भागातून) स्कोपच्या ५० ओमच्या इनपुटला.

आठ चॅनेल: शिखर ते शिखर १८ मिलिव्होल्ट, त्यात रेल पुरवणाऱ्या रेग्युलेटरचा स्विचिंग रिपलही (त्याच्या चालू-बंद होण्याची बारीक लहर) आला. सोळा चॅनेल: ८० च्या आसपास, आणि आकार जवळजवळ स्वच्छ साइन. कर्सर लावून मोजलं तर वारंवारता ६.२५ मेगाहर्ट्झ.

हा आकडा दिसला आणि मी फर्मवेअरवाल्याला हाक मारली. त्याच्या डिझाइनमध्ये एकच फिल्टर सगळे चॅनेल पाळीपाळीने वापरतात. घड्याळ १०० मेगाहर्ट्झ, चॅनेल सोळा, म्हणून फिल्टरचं चक्र दर सोळा ठोक्यांनी पुन्हा सुरू होतं. १०० भागिले १६ म्हणजे ६.२५. आठ चॅनेलला तेच चक्र १२.५ मेगाहर्ट्झवर येतं. कोड दोन्ही वेळेला निर्दोष आहे. फरक एवढाच की सोळा चॅनेलला तो एफपीजीएचा प्रवाह नेमक्या अशा वारंवारतेला हलवतोय जिथे या बोर्डाचा पुरवठा सगळ्यात कमकुवत असावा. "असावा" म्हणते, कारण इम्पीडन्स (बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध) अजून मोजलेला नाही.

१३ जून

मोजण्याआधी किती हवं ते ठरवलं. पुरवठ्याकडे फक्त व्होल्टेज म्हणून बघितलं तर डिझाइन करायला काही हाताशी लागत नाही; इम्पीडन्स म्हणून बघितलं की सगळं हिशेबात येतं. चिप प्रवाह बदलते, तो बदल पुरवठ्याच्या इम्पीडन्समधून जातो, आणि तेवढं व्होल्टेज हलतं. १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्समधल्या लॅरी स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच गोष्ट पद्धत म्हणून मांडली. किती व्होल्टेज हलू द्यायचं ते ठरवा, प्रवाह किती उडी मारेल ते ठरवा, भागाकार करा. येणारा आकडा हे लक्ष्य. डीसीपासून बोर्डाचं जिथवर चालतं तिथवरच्या प्रत्येक वारंवारतेला इम्पीडन्स त्याच्या खाली ठेवा.

आपला हिशेब: एकूण सूट ५० मिलिव्होल्ट. रेग्युलेटरची अचूकता आणि तांब्यातली घट यांना २० दिले. उरले ३०. पॉवर एस्टिमेटरप्रमाणे जास्तीत जास्त प्रवाह ४ अँपियर, त्यातला निम्मा एकदम बदलू शकतो असं धरलं, म्हणजे २ अँपियर. ३० मिलिव्होल्ट भागिले २ अँपियर म्हणजे १५ मिलिओम.

वरची मर्यादाही हवी. काही दशक मेगाहर्ट्झच्या वर एफपीजीएच्या पॅकेजचा स्वतःचा इंडक्टन्स (प्रवाह झटकन बदलू न देण्याचा गुण, मोजमाप हेन्रीत) आडवा येतो. त्यापुढे बोर्डावर कितीही कपॅसिटर लावा, ते सिलिकॉनपर्यंत पोचतच नाहीत. तिथे पॅकेजमधले आणि सिलिकॉनवरचे कपॅसिटरच काय ते करतात. मी २० मेगाहर्ट्झ धरले. त्या वारंवारतेला १५ मिलिओम म्हणजे साधारण १२० पिकोहेन्री. रेग्युलेटरपासून बॉलपर्यंतच्या सगळ्या वाटा समांतर धरून एकूण इंडक्टन्स याच्या आत बसला पाहिजे. डिझाइनमधला खरा कस या आकड्यात आहे. मायक्रोफॅरड बाजारात विकत मिळतात, पिकोहेन्री मात्र लेआउटमध्येच वाचवावे लागतात.

१७ जून

आज जुन्या बोर्डाचा इम्पीडन्स मोजला. ही नोंद लांब होणार, पण मिलिओम मोजणं अवघड आहे आणि पुढे कोणाला लागेल म्हणून सविस्तर लिहिते.

नेटवर्क ॲनालायझरच्या (वेगवेगळ्या वारंवारतेचा सिग्नल सोडून मोजणाऱ्या यंत्राच्या) एकाच पोर्टने मिलिओम मोजता येत नाहीत. ५० ओमच्या तुलनेत १० मिलिओम म्हणजे जवळजवळ शॉर्टच, आणि कनेक्टर किंवा टाक्याचा रोधच त्याहून जास्त भरतो. म्हणून दोन पोर्ट: एका पोर्टने प्रवाह सोडायचा, दुसऱ्याने व्होल्टेज वाचायचं, दोन्ही केबलची टोकं रेलच्या त्याच जागी. मधली वस्तू शंट म्हणून बसते. छोट्या इम्पीडन्सला हिशेब सोपा: पार झालेल्या सिग्नलचं गुणोत्तर गुणिले २५ ओम. वजा ६० डेसिबल दिसलं तर २५ मिलिओम, वजा ६८ ला १०, वजा ७४ ला ५.

खालच्या वारंवारतेला एक सापळा आहे. ॲनालायझरच्या दोन्ही पोर्टचं ग्राउंड आत एकच असतं. पहिल्या केबलच्या जाळीतून परतणारा प्रवाह दुसऱ्या केबलच्या जाळीतूनही वाट काढतो, आणि जाळीचा रोध वाचनात मिसळतो. म्हणून आधी दोन्ही टोकं तांब्याच्या एकाच तुकड्यावर डकवून शॉर्ट मोजला. जवळजवळ शून्य यायला हवं तिथे १० किलोहर्ट्झला १२ मिलिओम दिसले. आपलं लक्ष्यच १५ आहे. असं वाचन घेऊन काय करायचं? मग एक केबल जाड फेराइटच्या कड्यातून वेढे देऊन नेली. त्यामुळे जाळीतून फिरणाऱ्या त्या चोरट्या प्रवाहाची वाट अडते. शॉर्टचं वाचन अर्ध्या मिलिओमच्या खाली गेलं, आणि मगच बोर्डाला हात लावला.

बोर्ड चालू ठेवूनच मोजलं, कारण बंद बोर्डावर रेग्युलेटर झोपलेला असतो आणि सिरॅमिक कपॅसिटरवर डीसी नसतो. दोन्ही केबलना डीसी ब्लॉक, नाहीतर १ व्होल्ट थेट ॲनालायझरच्या अंगावर जातो.

आलेख असा: १० किलोहर्ट्झपासून १ मेगाहर्ट्झपर्यंत रेल शहाण्यासारखी, ५ ते १२ मिलिओम. मग खड्डा. मग ६.२ मेगाहर्ट्झवर एकदम सुळका, ८० मिलिओम. नंतर खाली उतरून १२.५ मेगाहर्ट्झला १८, आणि पुढे इंडक्टन्सची सरळ चढण.

लक्ष्य १५, सुळका ८०. फिल्टरचा प्रवाह दर चक्रात अंदाजे ०.८ अँपियर वर-खाली होतो. त्या चौकोनी लहरीचा मूळ साइन घटक ०.५१ अँपियरचा. गुणिले ८० मिलिओम म्हणजे ४१ मिलिव्होल्ट एका बाजूला, शिखर ते शिखर ८२. स्कोपवरचे ८० इथे जुळतात. ०.९९२ मधून ४१ गेले की उरतात ०.९५१. वर रेग्युलेटरचा रिपल आणि डेटाप्रमाणे कमीजास्त होणारा भार. कधी मर्यादेच्या आत, कधी बाहेर, आणि बाहेर गेलं की सगळ्यात लांब टायमिंग मार्ग वेळेत पोचत नाही. म्हणूनच तासभर काही नाही आणि मग अचानक कचरा.

१८ जून

सुळका कुठून आला ते कागदावर काढलं. जुन्या बोर्डावर १ व्होल्टच्या रेलवर दोनच प्रकारचे सिरॅमिक आहेत: रेग्युलेटरजवळ २२ मायक्रोफॅरडचे चार, आणि एफपीजीएखाली १०० नॅनोफॅरडचे सोळा. ६ मेगाहर्ट्झला मोठे चार कपॅसिटर राहिलेलेच नसतात; त्यांच्या पॅडचा (ज्या तांब्यावर ते डकवतात त्याचा), व्हायांचा (थर जोडणाऱ्या उभ्या नळ्यांचा) आणि वाटेचा इंडक्टन्स तेवढा उरतो. छोटे सोळा मात्र अजून कपॅसिटरच असतात, मिळून १.६ मायक्रोफॅरड. एकीकडे इंडक्टर, दुसरीकडे कपॅसिटर, दोन्ही समांतर. झालं, टाकी सर्किट (एका ठराविक वारंवारतेला झुलणारं) तयार. वाटेचा इंडक्टन्स एकूण ०.४ नॅनोहेन्री धरला तर अनुनाद ६.३ मेगाहर्ट्झवर येतो. इंडक्टन्स भागिले कपॅसिटन्स या भागाकाराचं वर्गमूळ १५.८ मिलिओम, आणि रोध जेमतेम ३ मिलिओम, म्हणजे सुळका ८३ च्या आसपास. मोजलेलं ८० आहे.

यातली कळीची गोष्ट तो ३ मिलिओमचा रोध आहे. सिरॅमिक कपॅसिटरचा अंतर्गत रोध अगदी कमी असतो आणि माहितीपत्रकात तो गुण म्हणून मिरवतो. पण दोन बँकांच्या मधल्या अनुनादाला लगाम घालणारं दुसरं काहीच नसतं. रोध कमी म्हणजे सुळका उंच.

"प्रत्येक पॉवर पिनला एक १०० नॅनो" हा नियम आम्ही सगळे कॉलेजपासून ऐकत आलो. डीआयपी आणि टीटीएलच्या (जुन्या, पायांच्या चिपच्या) काळात त्याला अर्थ होता. लहान आकारात तेवढाच सिरॅमिक परवडायचा आणि चिपच्या कडाही सावकाश होत्या. आज ०४०२ या लहान आकारात ४.७ मायक्रोफॅरड मिळतो. पॅड तेच, व्हाया त्याच, म्हणजे इंडक्टन्सही तोच. मग ४७ पट कमी कपॅसिटन्स लावून आपण नेमकं काय मिळवतो? उच्च वारंवारतेला छोटा आकडा चांगला, हे उत्तर सगळीकडे मिळतं आणि ते चूक आहे. उच्च वारंवारतेला दोघांचा इम्पीडन्स सारखाच असतो, कारण तिथे राज्य इंडक्टन्सचं असतं. छोट्या आकड्याचा अनुनाद वर सरकतो एवढंच, आणि त्याच्या खालच्या पट्ट्यात तो काही कामाचा नसतो.

१० मायक्रो, १०० नॅनो, १० नॅनो अशी उतरंड लावण्याची पद्धत तर याहून वाईट. प्रत्येक दोन पायऱ्यांच्या मध्ये एक सुळका हमखास.

२० जून

ग्राहकाचा फोन. नवा बोर्ड हवाच आहे, पण बाजारात गेलेल्या जुन्यांचं काय? तिथेही सोळा चॅनेल हवेत.

वरचंच गणित वापरलं. सोळा १०० नॅनोफॅरडच्या जागी त्याच पॅडवर ४.७ मायक्रोफॅरडचे, एक्स५आर (सिरॅमिकचा एक प्रकार), ६.३ व्होल्टचे. १ व्होल्टच्या डीसीखाली ते ४ च्या आसपास उरतात, म्हणजे सोळांचे ६४ मायक्रोफॅरड. वाटेचा ०.४ नॅनोहेन्री तोच, पण आता वर्गमूळ येतं २.५ मिलिओम, म्हणजे जवळजवळ रोधाएवढंच. सुळका उभाच राहायला नको.

एका बोर्डावर आजच बदलले. हॉट एअर, चिमटा आणि सूक्ष्मदर्शकाखाली स्थिर हात. मागच्या बाजूला डीडीआरचे कपॅसिटर अगदी खेटून आहेत, त्यांना कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणाऱ्या) झाकलं.

२३ जून

बदललेला बोर्ड मोजला. ६ मेगाहर्ट्झला ५ मिलिओम. सुळका गेला. सोळा चॅनेल चालू करून स्कोपवर शिखर ते शिखर १४ मिलिव्होल्ट, त्यातला बराचसा रेग्युलेटरचा.

रेग्युलेटरवर मात्र लक्ष ठेवायला हवं. आउटपुटला ६० हून जास्त मायक्रोफॅरड वाढले की त्याच्या फीडबॅकची गणितं बदलतात. लोड एकदम बदलून बघितलं: रेल खाली जाते आणि न डगमगता वर येते, मागे लहरी उठत नाहीत. फेज मार्जिन (फीडबॅक डगमगण्यापासून किती लांब आहे त्याचं माप) ५० अंशांच्या वर आहे. ग्राहकाला कळवलं, जुने बोर्ड असे दुरुस्त करायला हरकत नाही. हीच गोष्ट सांगायला मला सगळ्यात आनंद झाला. कारखान्यांतून आलेलं जुनं यंत्र भंगारात जाणार नाही.

मग नवा बोर्ड कशाला, असं लेआउट करणाऱ्या सहकारिणीने विचारलं. प्रश्न रास्त आहे. जुन्या बोर्डावर २० मेगाहर्ट्झला अजून २२ मिलिओम आहेत, कारण इंडक्टन्स १७० पिकोहेन्रीच्या पुढे आहे. तो कपॅसिटर बदलून कमी होत नाही. थरांची रचनाच बदलावी लागते. शिवाय पुढच्या वर्षी फिल्टर २०० मेगाहर्ट्झवर न्यायचा त्यांचा विचार आहे.

१ जुलै

थरांची रचना. जुन्यात १ व्होल्टचं प्लेन (तांब्याचा सलग पत्रा) बोर्डाच्या पोटात, जवळच्या ग्राउंडपासून अर्धा मिलिमीटर लांब. नव्यात वरून दुसरा थर ग्राउंड, तिसरा १ व्होल्ट, मध्ये ०.१ मिलिमीटरचं प्रीप्रेग (थर चिकटवणारं विद्युतरोधक).

दोन प्लेनमधल्या वाटेचा इंडक्टन्स त्यांच्यातल्या अंतराच्या थेट प्रमाणात असतो. ०.१ मिलिमीटरला चौकोनामागे (लांबी-रुंदी सारखी असलेल्या तुकड्यामागे) १२६ पिकोहेन्री, अर्ध्या मिलिमीटरला पाचपट. कपॅसिटर एफपीजीएच्या भोवती कड्यासारखे लावले आणि प्रवाह सगळीकडून मध्याकडे येतो असं धरलं, तर १४ मिलिमीटर त्रिज्येपासून ५ पर्यंत: जुन्या अंतराला १०३ पिकोहेन्री, नव्याला २१. फक्त दोन थर जवळ आणून आपलं १२० चं बजेट मोकळं झालं.

प्लेनच्या कपॅसिटन्सबद्दल बैठकीत चर्चा झाली. एफआर-४ मध्ये (बोर्डाच्या नेहमीच्या पदार्थात) या अंतराला चौरस सेंटिमीटरमागे सुमारे ३७ पिकोफॅरड मिळतात. आपलं प्लेन ३० चौरस सेंटिमीटरचं, म्हणजे १.१ नॅनोफॅरड. गाभ्याच्या रेलसाठी हा आकडा नगण्य आहे. प्लेन जवळ आणायचं ते इंडक्टन्ससाठी.

४ जुलै

कपॅसिटर कुठे लावायचे, वर की मागे, यावर दिवस गेला.

मागच्या बाजूला, बरोबर एफपीजीएखाली लावले तर आडवं अंतर शून्य. पण १ व्होल्टचं प्लेन आता वरच्या अंगाला आहे. मागून तिथवर व्हाया १.३ मिलिमीटर उंच. १ मिलिमीटरवरच्या पाव मिलिमीटर व्यासाच्या दोन व्हायांची जोडी घेतली तर १.१ नॅनोहेन्री, आणि पॅड वेगळे. वरच्या बाजूला, एफपीजीएच्या कडेला लावले तर व्हायाची उंची पाव मिलिमीटर, ०.२ नॅनोहेन्री, पॅडसकट ०.५५ धरू.

म्हणून वर. बारा कपॅसिटर, ४.७ मायक्रोफॅरड, ०४०२, चारही कडांना वाटून. बारांचे मिळून ४६ पिकोहेन्री, अधिक प्लेनचे २१, एकूण ६७. २० मेगाहर्ट्झला साडेआठ मिलिओम.

सहकारिणीला एकच आग्रह धरला: प्रत्येक कपॅसिटरला स्वतःच्या व्हाया, पॅडला अगदी चिकटून, आडव्या बाजूने. जुन्या बोर्डावर तीन कपॅसिटर मिळून एक ग्राउंड व्हाया वापरत होते आणि पॅडपासून व्हायापर्यंत मिलिमीटरभर बारीक ट्रेस होता. तेवढ्या ट्रेसने त्या कपॅसिटरची निम्मी किंमत खाल्ली होती. ती म्हणाली, "अगं, तिथून डीडीआरच्या ओळी न्यायच्यात, जागा कुठून आणू?" मग आम्ही दोघींनी बसून पश्चिमेकडचे दोन कपॅसिटर ४ मिलिमीटर सरकवले आणि ओळींना वाट दिली. कड्यात थोडा खंड पडला तरी चालतो. व्हाया लांब गेल्या तर चालत नाही.

८ जुलै

मोठे कपॅसिटर. इथे मुद्दाम सिरॅमिक टाळले. पॉलिमरचे दोन, ३३० मायक्रोफॅरड, प्रत्येकी १५ मिलिओम रोधाचे. मिळून साडेसात मिलिओम आणि साधारण १ नॅनोहेन्री. या नॅनोहेन्रीचा आणि सिरॅमिकच्या ४८ मायक्रोफॅरडचा अनुनाद ७०० किलोहर्ट्झच्या आसपास, वर्गमूळ ४.६ मिलिओम. रोध त्याहून जास्त आहे, म्हणून सुळका उठणार नाही. रेल एकसारखी सपाट राहावी म्हणून इथे रोध हवाच. खरेदी विभागाने यापेक्षा "चांगला", म्हणजे ५ मिलिओमचा पर्याय सुचवला होता. नको म्हणून लिहून कळवलं, कारणासकट, नाहीतर उद्या पर्यायी भाग म्हणून तोच येईल.

१० जुलै

तांब्यातली घट. आतल्या थरांत अर्ध्या औंसाचं तांबं, चौकोनामागे १ मिलिओम. रेग्युलेटरपासून एफपीजीएपर्यंत तीन चौकोन, ४ अँपियर, १२ मिलिव्होल्ट. बोर्ड तापला की त्यात आणखी वीसेक टक्के. तिसरा थर १ औंसाचा केला आणि रेग्युलेटरच्या सेन्सच्या दोन्ही तारा थेट एफपीजीएखालच्या प्लेनपर्यंत नेल्या. बॉलखाली व्हायांच्या मोकळ्या वर्तुळांनी प्लेनची चाळणी होते, वर्तुळं ०.६ मिलिमीटरची ठेवली, म्हणजे मध्ये ०.४ ची पट्टी उरते.

१५ जुलै

३.३ व्होल्टच्या रेलवर वेगळी अडचण. २२ मायक्रोफॅरड, ०८०५, एक्स५आर, ६.३ व्होल्ट: डीसी बायस (स्थिर व्होल्टेज) लावून एलसीआर मीटरवर मोजला. शून्य बायसला लेबलप्रमाणे. ३.३ व्होल्टला निम्म्याच्या आसपास. बेरियम टायटनेटचा हा स्वभावच आहे. विद्युतक्षेत्र वाढलं की त्याची धारकता घटते, आणि आकार जितका लहान तितकी जास्त. एक्स५आर मधला ±१५ टक्क्यांचा आकडा फक्त तापमानाबद्दल असतो, बायसबद्दल तो काहीच सांगत नाही. ३.३ साठी १२०६ घेतले.

एडीसीच्या (सिग्नलचे आकडे करणाऱ्या चिपच्या) पुरवठ्यात फेराइट बीड (गोंगाट अडवणारा मणी) आहे आणि पुढे १ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक. १०० मेगाहर्ट्झला बीड रोधासारखा वागतो, पण शंभर-दोनशे किलोहर्ट्झला तो साधा १ मायक्रोहेन्रीचा इंडक्टर असतो. दोघांचा अनुनाद १६० किलोहर्ट्झवर, आणि तिथे तो गोंगाट अडवायचा सोडून वाढवतो. १ ओमच्या रोधासोबत १० मायक्रोफॅरड समांतर टाकला, काम झालं.

डीडीआरच्या १.३५ व्होल्टला हाच सगळा हिशेब, नवीन काही नाही.

२५ जुलै

फाइली बोर्ड बनवणाऱ्याकडे गेल्या. थरांमधलं ०.१ मिलिमीटर त्याने परस्पर बदलू नये म्हणून रेखाचित्रावर जाड अक्षरांत लिहिलंय.

२२ ऑगस्ट

कोरे बोर्ड आले. एक कापून पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला: दुसऱ्या-तिसऱ्या थरातलं अंतर ०.०९७ मिलिमीटर. छान. जोडणीला दिले, पण गणपती २७ तारखेला बसतायत आणि तिथली निम्मी माणसं गावाला. अनंत चतुर्दशीनंतरच हाती येतील.

१० सप्टेंबर

जोडलेला पहिला बोर्ड. तोच ॲनालायझर, त्याच केबल, तेच फेराइटचं कडं, आधी शॉर्ट मोजून मगच.

१० किलोहर्ट्झपासून २० मेगाहर्ट्झपर्यंत कुठेही १० मिलिओमच्या वर नाही. १५ ची रेषा ३१ मेगाहर्ट्झला ओलांडते. गणिताने ३५ म्हटलं होतं, म्हणजे प्रत्यक्ष इंडक्टन्स ७७ पिकोहेन्री. फरक बहुधा त्या सरकवलेल्या दोन कपॅसिटरचा आणि पॅडच्या अंदाजाचा.

१२ सप्टेंबर

फर्मवेअरवाल्याने खास चाचणीचं डिझाइन लिहून दिलं: हजारो फ्लिप-फ्लॉप, आणि ते सगळे ठरावीक ठोक्यांनी एकदम चालू-बंद करणारा विभाजक. आठ, बारा, सोळा, वीस, बत्तीस ठोके, म्हणजे १२.५ पासून ३.१२५ मेगाहर्ट्झपर्यंत. खऱ्या फिल्टरपेक्षा दुप्पट भार.

दुरुस्ती न केलेल्या जुन्या बोर्डावर बाराच्या विभाजकाला रेल अस्वस्थ, आणि सोळाला एफपीजीए स्वतःच अडकला, जेटॅगसुद्धा (चिपशी बोलायची चाचणीची जोडणी) तुटला. नव्यावर प्रत्येक विभाजकाला रेल शांत. मग विभाजक सतत बदलता ठेवून बोर्ड ७० अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर. सकाळी चुकांचा गणक शून्यावर.

हे चाचणीचं डिझाइन आता प्रत्येक नव्या बोर्डाला लावायचं असं ठरलं. ॲनालायझर सगळ्यांकडे नसतो. एफपीजीए मात्र बोर्डावर असतोच, आणि आपल्या पुरवठ्याचा कमकुवतपणा तो स्वतःच शोधून दाखवू शकतो.

१८ सप्टेंबर

उत्पादनाच्या फाइली, कपॅसिटरच्या मान्य पर्यायांची यादी (रोधाच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही मर्यादांसकट) आणि जुन्या बोर्डांच्या दुरुस्तीची कृती ग्राहकाला पाठवली. पहिली तुकडी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. २०० मेगाहर्ट्झचा फिल्टर आला की सोळा चॅनेलचं चक्र १२.५ वर जाईल. तिथे हा बोर्ड ६ मिलिओम दाखवतो, म्हणून त्यासाठी रेलमध्ये काही बदलावं लागणार नाही. बत्तीस चॅनेल केले तर चक्र पुन्हा ६.२५ वर येईल, आणि तेही आता चालेल.